सीट निघते का?

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर कोणी माणूस नव्हता, ‘नोटा’ होता. काँग्रेसच्या धीरज देशमुखांना १,३५,००६ मतं पडली, नोटाला २७,५००, आणि युतीकडून उभ्या असलेल्या शिवसेनेच्या सचिन देशमुखांना १३,५२४. फरक १,२१,४८२ मतांचा. हा आकडा बघून कुणालाही वाटलं असतं की ही सीट आता पिढीभर हलत नाही. पाचच वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, भाजपचे रमेश कराड तिथून ६,५९५ मतांनी निवडून आले.

सव्वा लाखाची लीड पाच वर्षांत गेली कुठे, असं लोक विचारतात. खरं तर ती त्या अर्थाने कधी नव्हतीच. एक पाऊल मागे जाऊन २०१४ बघा. तेव्हा याच कराडांना काँग्रेसच्या त्र्यंबकराव भिसेंनी साधारण साडेदहा हजारांनी हरवलं होतं. म्हणजे लढत बऱ्यापैकी घासून होती. २०१९ ला युतीच्या वाटपात जागा शिवसेनेकडे गेली, कराडांचं नाव यंत्रावर आलंच नाही, आणि त्यांच्या मतदारांपैकी कोणी नोटा दाबला, कोणी घरीच बसलं, कोणी दुसरीकडे गेलं. समोरचा पैलवान आखाड्यात नसताना झालेली ती कुस्ती होती. मधलं ते वर्ष झाकून २०१४ आणि २०२४ शेजारी ठेवले, तर दहा वर्षांत पारडं जेमतेम सतरा हजार मतांनी कललेलं दिसतं. त्यात चमत्कार काही नाही. (२०१९ च्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावलाही नोटा दुसरा आला होता. तिथल्या विजयाचा आकडाही असाच जपून वाचायला हवा.)

निवडणुकीच्या दिवसांत लातूरच्या गंजगोलाईत काय, नांदेडच्या वजिराबादेत काय, प्रश्न एकच असतो: सीट निघते का? विचारणारा भविष्य विचारत असतो, सांगणारा बहुतेक वेळा मागच्या वेळचा आकडा सांगत असतो. या दोन जिल्ह्यांनी गेल्या वीस वर्षांत भल्याभल्यांचे अंदाज पालथे घातले आहेत. त्यामुळे उमेदवाराची शक्यता जोखायची कशी, हे शिकायला याहून चांगली शाळा महाराष्ट्रात मिळणार नाही. शाळेचा पहिला धडा असा, की लीड ही उमेदवाराच्या नावावरची सातबारा नोंद नसते. ती त्या दिवशीच्या त्या दोघांमधल्या लढतीची असते. समोरचा बदलला, दिवस बदलला, की मोजणी नव्याने सुरू होते.

पण यंत्रावर नाव येण्याआधी एक निवडणूक होऊन गेलेली असते. तिकिटाची.

अमेरिकेत ही आधीची निवडणूक उघड्यावर होते. राज्याच्या सिनेटची जागा असेल, तर एकाच पक्षाचे चार-पाच इच्छुक आधी आपापसांत लढतात आणि त्या पक्षाचे मतदार प्रत्यक्ष मतदान करून एकाला निवडतात. तिला प्रायमरी म्हणतात. तिथल्या जाणकारांना प्रायमरीचा अंदाज मुख्य निवडणुकीपेक्षा अवघड वाटतो, आणि कारण उघड आहे. सगळ्यांच्या अंगावर एकच झेंडा असल्यामुळे ‘हा मतदारसंघ अमुक पक्षाचा’ हे हक्काचं माप कामाला येत नाही. मतदानही कमी होतं. मग नाव किती घरांत माहीत आहे, पैसा किती उभा राहिला, गावातली वजनदार माणसं कोणामागे आहेत, एवढ्यावरच भागवावं लागतं. आपल्याकडे हे सगळं असतंच, फक्त दाराआड. निरीक्षक येतात, विश्रामगृहावर मुलाखती होतात, इच्छुक गाड्यांचा ताफा घेऊन शक्तिप्रदर्शन करतात, ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द दिवसातून वीसदा ऐकू येतो, सर्व्हे झाल्याचं सांगितलं जातं पण तो कोणी पाहिलेला नसतो, आणि शेवटच्या रात्री अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या तरी हातात पडतो.

लातूरने मात्र एकदा प्रायमरीही पाहिली आहे. २०१४ च्या लोकसभेच्या आधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडायचा प्रयोग केला. महाराष्ट्रातून लातूर आणि वर्धा हे दोन मतदारसंघ त्यात होते. लातूर २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथून दत्तात्रय बनसोडे पुढे आले, वर्ध्यातून सागर मेघे. मतदार होते ते पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी. शेतात, दुकानात, शाळेत असलेला काँग्रेसचा साधा मतदार त्यात नव्हता. अशा निवडणुकीचा अंदाज बांधायला लोकमताची गरजच नसते. तालुकाध्यक्ष कोणत्या गटाचा, नगरसेवक कोणाचे, एवढी यादी ज्याच्या खिशात, त्याला निकाल आधीच ठाऊक. तिच्यातून संघटनेत कोणाचं वजन आहे ते कळलं. जिल्ह्यात कोणाचं आहे, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

मे २०१४ मध्ये निकाल लागला तेव्हा भाजपच्या सुनील गायकवाडांना ६,१६,५०९ आणि बनसोडेंना ३,६३,११४ मतं होती. वर्ध्यात मेघेही पडले. वडोदऱ्यात तर प्रायमरी जिंकलेल्या नरेंद्र रावत यांना, नरेंद्र मोदी तिथून उभे राहिल्यावर, मधुसूदन मिस्त्रींसाठी बाजूला व्हावं लागलं, आणि मिस्त्रीही हरले. म्हणून प्रायमरी फसली असं म्हणायला मी तयार नाही. त्या लाटेत लातूरला काँग्रेसचा कोणताही उमेदवार तगला असता का, याची शंकाच आहे. पुढच्या खेपेला, २०१९ मध्ये, प्रायमरी नव्हती, उमेदवार नेहमीच्या पद्धतीने ठरला, आणि पराभव २,८९,१११ मतांचा झाला.

गंमत पलीकडच्या बाजूची आहे. अडीच लाखांनी निवडून आलेल्या गायकवाडांचं तिकीट २०१९ ला भाजपने कापलं आणि सुधाकर शृंगारेंना दिलं. लीडवर जर उमेदवाराचा हक्क असता तर हे होऊच शकलं नसतं. पक्षाचा हिशेब बहुधा सरळ असावा, की मतं चिन्हाची आहेत, माणूस बदलला तरी राहतील. ती राहिली, उलट वाढली. त्या वर्षापुरता हिशेब बरोबर ठरला. पाच वर्षांनी तेच शृंगारे, तेच चिन्ह, आणि समोर काँग्रेसने दिलेले डोळ्यांचे डॉक्टर शिवाजी काळगे. काळगेंना ६,०९,०२१ आणि शृंगारेंना ५,४७,१४० मतं पडली.

इथे जरा थांबून साधं अंकगणित करू, कारण बहुतेक अंदाज इथेच चुकतात. २,८९,१११ ची लीड जाऊन ६१,८८१ ची पिछाडी आली, म्हणजे साडेतीन लाख मतं फिरली असं टीव्हीवर ऐकू येतं. पण एक मत इकडून तिकडे गेलं की फरक दोनाने बदलतो; याचं एक कमी होतं, त्याचं एक वाढतं. सगळा बदल तशा पक्षांतरातूनच झाला असं धरलं, तर पावणेदोन लाख माणसं पुरतात. प्रत्यक्षात तेवढ्यांनी बाजू बदलावीच लागते असंही नाही. मागच्या वेळी घरी बसलेले यंदा आले आणि मागच्या वेळी आलेले यंदा बसले, तरी तोच परिणाम होतो. आणखी एक आकडा बघा: शृंगारेंची मतं २०१९ च्या ६,६१,४९५ वरून १,१४,३५५ ने घसरली. काँग्रेसची मात्र ३,७२,३८४ वरून २,३६,६३७ ने वाढली. दोन्हींत दुपटीहून अधिक अंतर आहे. म्हणजे भाजपचा मतदार रुसला एवढंच कारण सांगून भागत नाही. काँग्रेसकडे नव्याने आलेला, किंवा बऱ्याच वर्षांनी परतलेला, मतदार कुठून तरी आला. २०१९ ला लातुरात वंचित बहुजन आघाडीने लाखाच्या वर मतं घेतली होती, हे लक्षात घेतलं तरी हिशेब पुरा होत नाही. मराठा आरक्षणाचं आंदोलन, संविधान बदलणार या चर्चेने दलित वस्त्यांत उठलेली काळजी, सोयाबीनचा पडलेला भाव, अशी कारणं एकमेकांत मिसळली. त्या वर्षी मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या, फक्त छत्रपती संभाजीनगर राहिलं. सात ठिकाणी एकाच दिशेने वारं वाहिलं, तेव्हा उमेदवाराच्या गुणदोषांत कारण शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही.

नांदेडची गोष्ट याहून रंगतदार आहे, कारण तिथे दोन प्रकारचे गैरसमज एकापाठोपाठ उघडे पडले.

पहिला मतविभागणीचा. २०१४ च्या मोदी लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात दोनच जागा मिळाल्या, नांदेडला अशोक चव्हाण आणि हिंगोलीला राजीव सातव. चव्हाण तेव्हा ८१,४५५ मतांनी आले होते. २०१९ ला ते प्रताप पाटील चिखलीकरांकडून ४०,१४८ मतांनी हरले. वंचितचे प्रा. यशपाल भिंगे यांनी १,६६,१९६ मतं घेतली. ‘वंचितने चव्हाणांना पाडलं’ हे वाक्य तेव्हापासून इतक्यांदा बोललं गेलं की ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. पण ते खरं ठरायला काय लागतं ते बघा. भिंगे उभे नसते तर त्यांचे सगळे मतदार घराबाहेर पडून चव्हाण आणि चिखलीकर यांच्यातच वाटले गेले असते असं धरलं, तर चव्हाणांना त्यातली किमान १,०३,१७३ मतं, म्हणजे शेकडा बासष्ट, मिळायला हवी होती. उरलेले घरीच बसले असते असं धरलं तर चाळीस हजार पुरली असती. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. चव्हाण वाचले असते असं मानायला जागा आहे, पण ते आपोआप घडणारं नव्हतं. दुसऱ्याच्या पेटीतलं मत म्हणजे आपल्याच घरातून चोरीला गेलेला दागिना, ही समजूत पुढाऱ्यांना सोयीची असते. आपलं कुठे चुकलं ते मग बघावं लागत नाही. २०२४ ला वंचितचा उमेदवार होताच, त्याने ९२,५१२ मतं घेतली, आणि तरीही काँग्रेस जिंकली.

दुसरा गैरसमज बेरजेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. मागच्या वेळचा विजयी उमेदवार आणि मागच्या वेळचा पराभूत उमेदवार आता एकाच मांडवात. दोघांच्या २०१९ च्या मतांची बेरीज नऊ लाख तेहतीस हजार. कागदावर ही लढत उरलीच नव्हती. काँग्रेसने नायगावचे जुने माणूस, माजी आमदार वसंतराव चव्हाण यांना उभं केलं. ४ जूनला निकाल लागला: वसंतराव ५,२८,८९४, चिखलीकर ४,६९,४५२. म्हणजे अशोक चव्हाणांशिवाय काँग्रेसला जेवढी मतं मिळाली, तेवढी २०१४ च्या विजयातही त्यांच्यासह मिळाली नव्हती. नेता पक्ष बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर कार्यकर्ते जातात, नगरसेवक जातात, गाड्या जातात. मतदार जाईलच असं नाही. त्याने मत ज्या कारणासाठी दिलेलं असतं ते कारण त्या नेत्याच्या खिशात असतंच असं नाही.

अगदी हक्काच्या समजल्या जाणाऱ्या सीटचंही तेच. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून लातूरहून सलग सात वेळा लोकसभेत गेले, लोकसभेचे अध्यक्ष झाले. २००४ ला रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना हरवलं. त्याच वर्षी निलंग्यात रूपाताईंचे चिरंजीव संभाजी पाटील यांनी आपल्या आजोबांना, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना, पाडलं, आणि २००९ ला आजोबांनी ती सीट परत काढली. १९९५ ला विलासराव देशमुखांना लातुरात जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी हरवलं, आणि १९९९ ला तेच विलासराव मुख्यमंत्री झाले. महापालिकांची तऱ्हा तशीच: लातूरला भाजप २०१२ च्या शून्यावरून २०१७ ला ३६ वर गेला, तर नांदेडला त्याच वर्षी काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा घेतल्या आणि दोन वर्षांच्या आत तिथला खासदार गमावला.

मग वसंतरावांचं ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झालं, आणि नांदेडला एक असा प्रयोग घडला जो कोणी ठरवून केला नसता. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला लागली. मतदार केंद्रात गेला, बोटाला शाई एकदाच लागली, पण बटणं दोन यंत्रांवर दाबायची होती, एक आमदारासाठी, एक खासदारासाठी. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या. लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, वसंतरावांचे चिरंजीव, ५,८६,७८८ मतं घेऊन आले. भाजपचे संतुकराव हंबर्डे ५,८५,३३१ वर राहिले. फरक १,४५७.

‘मतदार पक्ष बघतो’ आणि ‘मतदार माणूस बघतो’ ही दोन्ही वाक्यं त्या एका दिवशी एकाच केंद्रात खरी ठरली. ज्या हजारो लोकांनी एका यंत्रावर महायुती आणि दुसऱ्यावर पंजा दाबला, त्यांच्या डोक्यात काही गोंधळ नव्हता. आमदाराच्या बाजूला लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार होते, स्थानिक कामं होती. खासदाराच्या बाजूला वडिलांच्या जागी उभा राहिलेला मुलगा. सहानुभूती किती वजन उचलते, याचं मापही मिळालं. २०२१ मध्ये देगलूरला रावसाहेब अंतापूरकरांच्या निधनानंतर मुलगा जितेश काँग्रेसकडून चाळीस हजारांहून अधिक फरकाने आला होता. पण तेव्हा पोटनिवडणूक एकटीच होती, राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं. २०२४ ला सहानुभूतीला उलट्या वाऱ्यात चालावं लागलं, आणि ती काठावर पोचली. (जितेश तोवर भाजपमध्ये गेले होते आणि त्याच दिवशी देगलूरहून भाजपचे म्हणून निवडूनही आले.)

आणखी एक बारकावा. एप्रिलपेक्षा नोव्हेंबरात काँग्रेसची मतं ५७,८९४ ने वाढली, तरी सीट जाता जाता राहिली. कारण भाजपची १,१५,८७९ ने वाढली. मतदानाचा टक्का चढला आणि जादा आलेल्या गर्दीचा मोठा वाटा एकाच बाजूचा होता. ‘आमची मतं कमी झाली नाहीत’ हे समाधान कोणी मानू नये, ते यासाठी.

१,४५७ च्या फरकात ७२९ माणसांनी मन बदललं असतं तर निकाल उलटला असता. बारा लाखांहून अधिक मतदानात ७२९. या सीटबद्दल मतमोजणीच्या आदल्या दिवशी ज्यांनी ‘शंभर टक्के आपली’ म्हणून पैज लावली, त्यांतले निम्मे बरोबर ठरले आणि तज्ज्ञ म्हणून मिरवले. खरा तज्ज्ञ तो, जो म्हणाला असेल की सांगता येत नाही. अमेरिकेत चार्ली कुक नावाच्या विश्लेषकाने १९८४ मध्ये सुरू केलेल्या अहवालात जागांची वर्गवारी अशीच असते: पक्की, बहुधा, झुकती आणि अनिश्चित. कोण किती मतांनी येणार ते तो सांगत नाही. आपली खात्री किती, ते सांगतो. शक्यता म्हणजे मतांचा टक्का नव्हे, हेही इथेच समजून घ्यावं. २०१६ ला तिथल्या एका नामांकित गणितात ट्रम्प यांची शक्यता शंभरात एकोणतीसच्या आसपास होती. ते जिंकल्यावर गणित खोटं ठरलं असा गवगवा झाला. पण शंभरात एकोणतीस म्हणजे दहातून जवळजवळ तीन वेळा. एवढी गोष्ट घडली तर नवल कसलं?

आपल्याकडे कागदावरचं सर्वांत विश्वासू साधन आहे ते ‘फॉर्म २०’. मतमोजणीनंतर निवडणूक अधिकारी तो भरतात: डावीकडे एकाखाली एक बूथचे क्रमांक, वर उमेदवारांची नावं, प्रत्येक चौकटीत त्या बूथवरची मतं, शेवटी नोटा आणि एकूण. रटाळ तक्ता, पण गावाचं अंतरंग त्यात उघडं असतं. हाताशी तीन निवडणुकांचे असे तक्ते असले, तर कोणता बूथ कायम एकाच बाजूचा, कोणता दर वेळी फिरतो, आणि कोणता फक्त उमेदवार जवळच्या गावचा असला की उठतो, हे दिसायला लागतं.

मुरलेला कार्यकर्ता तेच काम यादीवर करतो. बूथची मतदार यादी घ्यायची, एकेका नावापुढे खूण: आपला, त्यांचा, आणि कुंपणावरचा. समजा बूथ अकराशेचा आहे. आपले ४००, त्यांचे ४००, कुंपणावरचे ३००. नवशिक्या या तीनशेंच्या मागे धावतो. जुना माणूस आधी आपल्या चारशेंकडे बघतो. त्यांतले ऊसतोडीला किती गेले, पुण्याला कामाला किती, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं अजून यादीत किती. त्याचे ऐंशी टक्के आले आणि समोरच्याचे पासष्ट, तर इथेच ३२० विरुद्ध २६०. साठची लीड, एकाही माणसाचं मन न वळवता. शिवाय कुंपणावरच्यांतले बरेच जण मतदानालाच येत नाहीत. म्हणूनच दुपारी तीनच्या सुमाराला केंद्राबाहेरच्या टेबलावर बसलेला माणूस ‘हवा’ काय म्हणते ते विचारत नाही. यादीवर किती टिकमार्क झाले, ते मोजतो.

मतदार जितके कमी, तितकी यादी महत्त्वाची आणि हवा निरुपयोगी. राज्याचं वरचं सभागृह म्हणजे विधान परिषद, आपली ‘सिनेट’ म्हणायची तर तीच. ७८ जागा: ३० आमदारांनी निवडलेल्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या, १२ राज्यपालनियुक्त. २०१८ ला उस्मानाबाद-लातूर-बीड स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात मतदार हजाराच्या आसपास, बहुतेक नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, प्रत्येकाचा पक्ष माहीत. संख्याबळ राष्ट्रवादी-काँग्रेसकडे. राष्ट्रवादीने भाजपमधून आलेल्या रमेश कराडांना उमेदवारी दिली, त्यांनी ऐन वेळी अर्ज मागे घेतला, आणि पक्षाला अपक्ष अशोक जगदाळेंना पाठिंबा द्यावा लागला. निकाल: भाजपचे सुरेश धस ५२६, जगदाळे ४५२. पक्षाचं लेबल लावलेली मतंही फुटतात, आणि अशा निवडणुकीत ती कोणाची फुटली हे गुप्त मतदानामुळे कायमचं गुलदस्त्यात राहतं. मतदारांना आधीच ‘सहली’ला नेण्याची पद्धत त्याच भीतीतून आली आहे.

१९९५ च्या पराभवानंतर विलासरावही परिषदेच्या निवडणुकीत अर्ध्या मताने पडले असं आजही लातुरात सांगतात. मत अर्धं कसं असतं, म्हणून नवखा माणूस हसतो. आमदारांकडून एकापेक्षा जास्त जागा भरताना प्रत्येक मतपत्रिकेची किंमत शंभर धरतात, आणि कोटा पुरा झालेल्या उमेदवाराची शिल्लक मतं पसंतीक्रमानुसार कमी किमतीने पुढच्याकडे जातात. त्यामुळे मताचे तुकडे पडतात. अशा लढतीत पहिल्या पसंतीबरोबरच दुसऱ्या पसंतीचीही बोली करावी लागते, आणि जो फक्त ‘आपले आमदार किती’ एवढंच मोजतो त्याचा हिशेब तिथेच चुकतो.

पदवीधर मतदारसंघात तर मतदार आधी तयार करावे लागतात. दर निवडणुकीला यादी कोरी करून नव्याने केली जाते. जुनं नाव आपोआप पुढे येत नाही. अर्हता तारखेच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, किमान तीन वर्षं आधी पदवी घेतलेल्याने ‘फॉर्म १८’ भरायचा, पदवीची साक्षांकित प्रत जोडायची. औरंगाबाद विभागात मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात, आणि सतीश चव्हाण २००८, २०१४ आणि २०२० असे तीनदा तिथून आले. २०२० ला त्यांनी भाजपच्या शिरीष बोराळकरांना १,१६,६३८ विरुद्ध ५८,७४३ असं हरवलं. शिक्षणसंस्थांचं जाळं ज्याच्या हाताशी, त्याचे अर्ज गठ्ठ्याने जमा होतात. परिषदेची मुदत सहा वर्षांची, त्यामुळे पुढचा सामना २०२६ च्या अखेरीचा. त्याचा अंदाज हवा असेल, तर कोणाच्या सभेला किती गर्दी झाली ते विचारू नका. नांदेड आणि लातूरच्या तहसील कार्यालयांत कोणाच्या माणसांनी किती फॉर्म १८ आणून दिले, तेवढं विचारा.